हाडानं धरलेला खुबा सोडवताना

खुबा बदलून चार वर्षं झाली होती आणि त्यात धातूचा तुकडा आहे हे मी विसरूनही गेलो होतो. मग मांडी रात्रीही ठणकू लागली. रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असल्याचं दाखवणारं प्रथिन, वाढलेला निघाला, सांध्यात सुई घालून काढलेल्या पाण्यात जंतू सापडले. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, तिथं औषध नीट पोचत नाही. एवढ्या जुन्या संसर्गात इम्प्लांट काढणं हाच खात्रीचा मार्ग, असं सर्जन म्हणाले.

"सैल झालं असेल ना? मग पटकन निघेल," मी म्हणालो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा, आणि हाड यांच्यामध्ये कुठंही काळी रेघ नव्हती. "सैल असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तुमच्या हाडानं ते धरून ठेवलंय."

माझा स्टेम बिनसिमेंटचा, टायटॅनियमचा. वरचा भाग खरबरीत, सूक्ष्म छिद्रांचा, खालचा गुळगुळीत. पहिल्या काही आठवड्यांत स्टेम हलला नाही तर त्या छिद्रांत हाड वाढतं. हलत राहिला तर हाडाऐवजी तंतूंचा पडदा तयार होतो आणि तो सैलच राहतो. तेव्हा मी वॉकर सोडला नव्हता, सगळ्या सूचना पाळल्या होत्या. त्याचीच ही शिक्षा! सिमेंटमध्ये बसवलेला गुळगुळीत, निमुळता स्टेम ठोकून वर काढता येतो, मागं उरलेलं सिमेंट मात्र खरवडावं लागतं. माझ्या बाबतीत ठोकण्याचा प्रश्नच नव्हता. हाडच फुटलं असतं.

शस्त्रक्रियेत आधी पातळ, लवचिक छिन्न्या वरून स्टेमच्या कडेनं सरकवल्या. पुढची-मागची बाजू सुटली, बाहेरची सुटेना. मग मांडीच्या हाडाला उभी चीर देऊन बाहेरच्या बाजूची एक लांब फळी, स्नायू तिला जोडलेलेच ठेवून, खिडकीच्या झडपेसारखी उघडली. स्टेम निघाल्यावर ती पुन्हा मिटून केबलनं आवळली. कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसवलेला कप वक्र पात्यांनी कडेकडेनं सोडवला. रिकाम्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवला.

पुढचे सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. पाय फक्त टेकवायचा, त्यावर भार द्यायचा नाही. आणि एक विचित्र बंदी: पाय स्वतःहून बाजूला उचलायचा नाही, कारण तो उचलणारे स्नायू नेमके त्या फळीलाच जोडलेले. कूस बदलताना दोन पायांमध्ये उशी. सर्वात कंटाळा त्या उशीचा आला.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी मी विचारलं, "या वेळी सहज निघेल असा बसवता का?" ते हसले. नवा लांब, खाचांचा, निमुळता स्टेम त्या खिडकीच्या खाली, शाबूत हाडात पकड घेणार होता. म्हणजे पुन्हा तेच: हाडानं धरायचं, मी हलायचं नाही.

जुना स्टेम पाहायला मागितला, पण तो तपासणीला गेला होता. त्यांनी फोटो दाखवला. खरबरीत भागावर पांढरट हाडाचे कण अजून घट्ट चिकटलेले. खालचं टोक मात्र कालच खोक्यातून काढल्यासारखं चकचकीत.