दोन गडद खाचा

एलायझा म्हणजे रक्तातला एखादा पदार्थ रंगावरून मोजायची चाचणी. तिच्या प्लेटला 96 खाचा. त्यातल्या 20 तुलनेसाठीच्या स्टँडर्ड आणि कंट्रोलला जातात. उरलेल्यांत प्रत्येक नमुना दोनदा लावायचा, म्हणजे एका प्लेटवर 38 माणसं. मला नावं कळत नाहीत, फक्त नंबर.

त्या दिवशी एचआयव्ही असलेल्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवर आयएल-6, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन, मोजायला लावला होता. शेवटी पिवळा रंग चढतो; जितका गडद, तितका आयएल-6 जास्त. बहुतेक खाचा फिकट होत्या, एका नमुन्याच्या दोन्ही गडद. पहिला संशय स्वतःच्या हातावर. दुसरी कुपी वितळवून पुन्हा लावला. आकडा तसाच.

मग त्याच रक्ताचा डी-डायमर पाहिला, म्हणजे गुठळ्या बनून विरघळल्याची रक्तातली खूण. डी-डायमरवर माझा सहजी विश्वास बसत नाही. निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागतं, म्हणून ती खुणेपर्यंत भरावीच लागते. वॉर्डातून अर्ध्या ट्यूब येतात, परत पाठवल्या की अडेलतट्टू आम्ही ठरतो, आणि सुई पुन्हा रुग्णालाच टोचली जाते. ही ट्यूब मात्र मीच घेतली होती. रजिस्टरात माझंच अक्षर: पूर्ण भरलेली, गुठळी नाही, प्लाझ्मा तासाभरात वेगळा. डी-डायमरही वाढलेला.

मॅडमनी यादीत नंबर शोधला. "याला हार्ट अटॅक येऊन गेलाय." नमुन्यानंतर पाच महिन्यांनी. वय 44, एआरटी (एचआयव्हीची औषधं) नियमित, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, कित्येक वर्षं सापडत नव्हता, कोलेस्टेरॉलही बरं. हृदयविकाराचा धोका मोजायच्या नेहमीच्या तक्त्यात कमी धोका, कारण त्या तक्त्यात एचआयव्हीला रकानाच नाही. विषाणू दबला तरी आतला दाह पुरता शमत नाही. 2008 साली एचआयव्हीच्या औषधांवरच्या स्मार्ट चाचणीच्या साठवलेल्या रक्तात हेच दोन आकडे मृत्यूशी जोडलेले दिसले होते.

मी विचारलं, नमुना आला त्याच आठवड्यात लावला असता तर? मॅडम म्हणाल्या, आयएल-6 साध्या संसर्गानेही चढतो. एकट्या माणसाला या आकड्यावर गोळी सुरू करावी, अशी सीमारेषा ठरलेली नाही.

पटलं. पण घरी जाताना वेगळंच डोक्यात आलं. 2023 मध्ये रिप्रीव्ह चाचणीत एचआयव्ही असलेल्या 7,769 जणांत पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीने हृदयविकाराच्या गंभीर घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. ती माणसं 40 ते 75 वयाची, तक्त्यानुसार कमी-मध्यम धोक्याची, अगदी याच्यासारखी. आणि त्यांना निवडताना आयएल-6 लागला नव्हता. वय आणि एचआयव्ही, दोन्ही याच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बाकीच्या 37 जणांपैकी चाळिशीपुढचे किती, आणि स्टॅटिन कुणाकुणाला चालू आहे? मॅडमनी केसपेपर मागवलेत.