जॅकच तर बदलवायचा आहे ना?

अ‍ॅम्प्लिफायरचा जॅक, म्हणजे गिटारच्या केबलचा प्लग जिथे खोचतात ती जागा, बदलायला अख्खी दुपार का लागते, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो; तुमच्याआधीही अनेकांनी हेच विचारले आहे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर स्कूटीच्या पायदानावर ठेवून कोणी दारात येतो, प्लग हलवला की खरखर होते आणि दाबून धरला की आवाज येतो असे सांगतो, आणि संध्याकाळी या म्हटले की आपल्या नागपुरी थाटात विचारतो, "काका, जॅकच तर बदलवायचा आहे ना, त्याला अख्खी दुपार कशाला?"

जॅक बदलायला दुपार लागत नाही. जॅकच बिघडला आहे याची खात्री करायला आणि जुना जॅक आतल्या सर्किट बोर्डाला इजा न होता काढायला लागते. दारात आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच केबलच्याच निघतात, म्हणून मी आधी माझी केबल आणि माझी गिटार लावून पाहतो. अ‍ॅम्प्लिफायरला मागे इफेक्ट्सचा 'रिटर्न', म्हणजे बाहेरच्या इफेक्टच्या यंत्रातून आवाज परत आत घेणारा वेगळा जॅक, असेल तर गिटार थेट तिथे जोडतो. आवाज बारीक का होईना पण स्वच्छ आला, तर पुढचा पॉवरचा भाग धड आहे आणि दोष इनपुटच्या बाजूला आहे, एवढे तरी कळते.

हा 6.35 मिलिमीटरचा प्लग मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरांच्या फळ्यावरचा. तिथे तो हलक्या हाताने खोचला जाई. इथे मात्र वादकाचा पाय केबलवर पडतो आणि लांब प्लग तरफेसारखा जॅकला उचकटतो. आजच्या बहुतेक स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जॅक प्लास्टिकचा असून त्याचे पाय सरळ बोर्डावर सोल्डर केलेले असतात. तो ताण पॅनेलवरच्या नटाने झेलायचा असतो, पण नट सैल झाला की सगळा भार सोल्डरवर येतो. भिंगातून पाहिले तर जॅकच्या पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. तोच तो 'ड्राय सोल्डर'. अशा वेळी नवा जॅक लागतच नाही, ताजे सोल्डर देऊन नट आवळला की काम होते, आणि मी तसे स्पष्ट सांगतो, जरी त्यामुळे गिऱ्हाईकाला मी उगाच वेळ घेतला असे वाटत असले तरी.

जॅक खरोखर जातो तो आतल्या पत्तीमुळे. प्लग नसताना ही पत्ती सिग्नलची वाट जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडून ठेवते, म्हणून रिकामा अ‍ॅम्प्लिफायर गप्प राहतो. पत्ती गंजली किंवा तिचा ताण गेला की प्लग काढल्यावरही घूंऽऽ असा आवाज येत राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की सरावाच्या खोलीत कूलर लागतो आणि अ‍ॅम्प्लिफायर नेमका त्याच्या ओल्या झोतासमोर ठेवला जातो. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्त्यांवर मला गंज जास्त दिसतो.

उघडण्याबाबत मात्र मी कडक आहे. ट्यूबच्या, म्हणजे काचेच्या जुन्या धर्तीच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विजेची वायर काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, चारशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मल्टिमीटरने तपासल्याशिवाय मी आत बोट घालत नाही, आणि ज्याला हे येत नाही त्याने असा डबा उघडूच नये.

नवा जॅक आणायला बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाताना मी जुना खिशात नेतो, कारण मोनो की स्टिरिओ, आत पत्ती आहे की नाही, पायांमधले अंतर किती, यांपैकी एक गोष्ट चुकली तरी फेरी वाया जाते. एकदा प्लास्टिकच्या गळ्याचा (नट बसतो तो भाग) मिळाला नाही म्हणून मी दणकट दिसणारा धातूचा जॅक बसवला. खरखर गेली, पण गुणगुण सुरू झाली. धातूचा गळा पॅनेलला टेकल्याने सर्किटचे ग्राउंड चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, नको त्या ठिकाणी दुसऱ्यांदा जोडले गेले होते. पुन्हा सगळे खोलावे लागले.

जुना जॅक ओढून काढायचा मोह आवरावा लागतो. मी वाळलेल्या सांध्यावर आधी थोडे ताजे सोल्डर वितळवतो, मग पंपाने सगळे शोषून घेतो, आणि प्रत्येक पाय भोकात मोकळा हलतो आहे हे चिमट्याने पाहूनच जॅक उचलतो. नाहीतर त्याच्याबरोबर बोर्डावरची तांब्याची चकतीही उखडून येते आणि मग तिथे तार जोडत बसावे लागते. नवा बसवताना एकाच पायाला सोल्डरचा ठिपका देतो, बोर्ड जागेवर लावून नट आवळतो, तो ठिपका पुन्हा वितळवून जॅकला हवे तसे बसू देतो, आणि मगच बाकीचे पाय पक्के करतो. आधी सोल्डर करून नंतर नट आवळला, तर तो ताण पहिल्या दिवसापासून सांध्यात राहतो.

शेवटी, डबा बंद करण्याआधी, मीटर जॅकच्या सिग्नलच्या पायावर आणि ग्राउंडवर ठेवतो. प्लग नसताना शून्य ओहम दिसायला हवे. दुसरीकडे काही न जोडलेली केबल खोचली की बऱ्याच ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आकडा एक मेगाओहमच्या आसपास चढतो, आणि प्लग चारही दिशांना हलवला तरी तो तिथेच राहिला पाहिजे. तोवर पाच वाजलेले असतात.