कुठली बाजू?

ऑक्टोबरची दुपार होती. पंखा पाचावर, पडदे ओढलेले, पोटात वरणभात. डोळा लागणार एवढ्यात ट्रॅव्हल एजन्सीतल्या मुलीचा फोन आला. "काका, केबिन फायनल करायचीय. पोर्ट साइड देऊ की स्टारबोर्ड?"

मी म्हटलं, "विचार करून सांगतो." झोप उडाली ती उडालीच.

हा प्रश्न तिने दुसऱ्या कुणाला विचारला असता तर चाललं असतं. मला विचारायला नको होता. कारण 'कुठल्या बाजूला बसायचं' हा माझ्या आयुष्यातला मुख्य प्रश्न आहे. बाकीचे, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न वगैरे, आपोआप सुटत गेले. हा अजून सुटलेला नाही. सकाळची एसटी धरून कोकणात जायचं तर ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवीकडे बसावं. पण दुपार कलली की तेच ऊन उजवीकडून येतं आणि मग डाव्या बाजूचे लोक आपल्याकडे ज्या नजरेने बघतात ती सहन करावी लागते. लोकलमध्ये नुसती खिडकी मिळून भागत नाही, वाऱ्याच्या दिशेची लागते. दारात उभं राहिलं तर "अंधेरी कुठल्या बाजूला येणार?" हे चार जणांना विचारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि चौघांत दोन उत्तरं मिळतात. सिनेमाच्या थेटरातसुद्धा मी कडेची खुर्ची घेताना डावी की उजवी याचा विचार करतो. तिथे काय ऊन लागणार आहे?

तर आता ही बोट. निवृत्तीचे पैसे आल्यावर पुतण्यांनी हौसेने डोक्यात भरवलं : काका, एकदा नॉर्वे बघाच. मग नकाशे आले, व्हिडिओ आले, आणि पहिली क्रूझ ठरली. बर्गनहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने वर वर जात रशियाच्या हद्दीजवळच्या किर्केनेसला पोचायचं आणि तसंच परत यायचं. बारा दिवस, चौतीस बंदरं. तरणतलाव, कॅसिनो, रात्री झगमगाटी नाच असलं काही तिथे नाही म्हणे. मूळची टपालबोट. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ती चालू केली. त्याआधी ट्रॉनहाइमहून वर हॅमरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागायचे आणि हिवाळ्यात पाच महिने. आजही ती बोट माणसांबरोबर माल उतरवते-चढवते, रात्री दोन वाजता एखाद्या चिमुकल्या बंदराला लागते, चार खोकी टाकते आणि पुढे जाते.

हे वाचलं आणि मी बायकोला म्हटलं, "अगं, ही तर कोकणबोट!"

ती म्हणाली, "मग एवढे पैसे घालून तिकडे कशाला जायचं?"

याला उत्तर नव्हतं. शिवाय मुंबईहून मालवणला जाणारी ती जुनी कोकणबोट आता आहे कुठे?

टेबलावर जहाजाचा नकाशा उघडला. चाळीच्या मजल्याचाच नकाशा वाटावा असा. मधून लांबलचक बोळ, दोन्ही हातांना खोल्या. कडेच्या खोल्यांना खिडकी, आतल्यांना काही नाही. आतली खोली स्वस्त. गिरगावात आम्ही सात जण ज्या खोलीत वाढलो तिला खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीवर उघडायची. त्यामुळे खिडकीवाचूनच्या खोलीत काय वाटतं हे पैसे भरून अनुभवण्याची मला गरज नाही.

म्हणजे कडेची खोली. पण कुठल्या कडेची?

पोर्ट म्हणजे डावी आणि स्टारबोर्ड म्हणजे उजवी, हे मला गेल्या महिन्यात समजलं. व्हायकिंगांच्या बोटींचं सुकाणू मागे मधोमध नसायचं, उजव्या अंगाला बांधलेलं एक मोठं वल्हं असायचं. सुकाणूची बाजू ती स्टारबोर्ड. ते वल्हं धक्क्याला घासू नये म्हणून बोट डाव्या अंगाने लावायची, म्हणून डावी बाजू बंदराची. माझ्यासारखा बाजूचा छंद असलेल्या माणसाला हे इतकं आवडलं की मी ते तीन शेजाऱ्यांना सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं.

आता हिशेब बघा. नॉर्वेचा किनारा आपल्यासारखाच पश्चिमेचा. पण मुंबईहून मालवणला जाताना बोट दक्षिणेला जायची, तेव्हा जमीन डावीकडे असायची. इथे उत्तरेला जायचं, म्हणजे जमीन उजवीकडे. म्हणून उजवी खोली घ्यावी. पण परतीला तीच खोली समुद्राकडे तोंड करून बसणार, आणि गंमत अशी की जाताना जी बंदरं रात्री झोपेत निघून जातात तीच येताना दिवसा लागतात. मग डावी घ्यावी? त्यातून ही बोट बराच वेळ बेटांच्या आडून चालते, तेव्हा दोन्ही बाजूंना डोंगर. उन्हाळ्यात ती गाइरांगर फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीत शिरते, त्याच वाटेने बाहेर येते. जे जाताना उजवीकडे तेच येताना डावीकडे. तिथला 'सात बहिणी' नावाचा धबधबा कुठल्याही खोलीला एकदा तरी दिसणारच. लोफोतेन बेटांमध्ये ट्रोलफ्योर्ड आहे, त्याचं तोंड जेमतेम शंभर मीटर रुंद. बोट आत जाते आणि जागच्या जागी गरकन फिरून परत येते. त्या क्षणी डावं काय नि उजवं काय!

लोफोतेनवरून आठवलं. तिथे थंडीत कॉड मासा धरून लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगतात. मीठबीठ काही नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वाऱ्यावर वाळतो. फोटो पाहून मी थक्क झालो. खारदांड्याच्या किनाऱ्यावर बांबूंना टांगलेले बोंबील मी लहानपणापासून बघत आलोय. तेच दृश्य, फक्त मागे बर्फाचे डोंगर. बायकोला दाखवलं तर तिने नाक धरलं. फोटोपुढे! आम्ही जूनमध्ये जाणार, तेव्हा मासे बहुधा मांडवावरून उतरलेले असतील. वास तेवढा उरला असेल तर मला आनंदच आहे.

बायकोच्या शंका वेगळ्या. व्हिसाचे कागद, बँकेची स्टेटमेंटं, तीस हजार युरोंचा प्रवासविमा हे सगळं तिने चोख फायलीत लावलंय, त्याचं तिला काही वाटत नाही. पण जूनमध्ये त्या वरच्या भागात सूर्य मावळतच नाही हे कळल्यावर ती गंभीर झाली. "मग दिवेलागण कधी?" मी म्हटलं, घड्याळात सात वाजले की हात जोड. "आणि संकष्टी आली तर? त्या उजेडात चंद्र कुठे शोधायचा?" याचाही तोडगा कुणीतरी काढला असेलच. आपली माणसं कुठे पोचलेली नाहीत! बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, हे मात्र तिने अजिबात मनावर घेतलं नाही. छत्र्या आहेत, म्हणाली.

तिची खरी भीती एकच. तिला बोट लागते.

मला हा शब्दप्रयोग फार आवडतो. गाडी लागते, बोट लागते. जणू नजर लागावी, तहान लागावी, तशी. आणि बोट बंदरालाही लागते. एकच बोट बंदराला लागते आणि माणसालाही लागते. बायकोला तर एलिफंटाला जाताना लागली होती. तिने आवळासुपारी, आलेपाक आणि डॉक्टरांच्या गोळ्या अशी तिहेरी तयारी केली आहे. शिवाय या बोटीच्या वाटेवर हुस्टाडविका, फोल्डा असे काही पट्टे आहेत, जिथे बेटांचा आडोसा संपतो आणि उघडा समुद्र लागतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिने स्वतःच कुठेतरी वाचलंय की ज्यांना बोट लागते त्यांनी वरची खोली घेऊ नये आणि टोकाची तर मुळीच नाही. जहाजाच्या मधोमध, जमेल तितकं खाली राहावं. तिथे कमी हलतं.

हे तिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला आजी दिसली.

दर मे महिन्यात आम्ही मालवणला जायचो. सकाळी भाऊच्या धक्क्यावर टॅक्सीतून उतरलं की डिझेल, सुकी मासळी आणि ओल्या दोरखंडांचा एक मिश्र वास यायचा. तो आला की सुट्टी सुरू झाली. फळीवरून आत शिरताच सगळे सतरंज्या घेऊन धावायचे, जागा धरायला. शहाणे लोक वरच्या डेकवर कठड्याशी जागा धरायचे. वारा, समुद्र, किनारा, सगळं फुकट. आमची आजी मात्र खालच्या डेकवर, बरोब्बर मधोमध, इंजिनाच्या धडधडीजवळ ट्रंक ठेवायची, ट्रंकेला टेकून वळकटी आणि वळकटीला टेकून स्वतः. फिरकीचा तांब्या मांडीशी. मग डोळे मिटायचे ते मालवणपर्यंत. रत्नागिरी आली, विजयदुर्ग आला, देवगड आलं, आजीचे डोळे मिटलेले. माझा जीव तळमळायचा. मी उठून वर पळायला लागलो की डोळे न उघडताच हात धरायची. "खंय चाललंस? हय बस गप."

आईची नजर चुकवून आम्ही पळायचोच. डाव्या कठड्याला लटकून किनाऱ्यावरचे दिवे मोजायचे. कुणीतरी "मासो, मासो!" म्हणून ओरडलं की अख्खी डेक तिकडे धावायची. आणि अशा वेळी खालून, इंजिनाच्या आवाजावर चढवलेला आजीचा आवाज यायचा, "अरे पोरांनो, एका बाजूक जाव नकात!"

आम्ही हसायचो. एवढी मोठी बोट, आमच्यासारख्या चार पोरांनी काय कलणार?

मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. दूर समुद्रात उभी राहायची, पलीकडे सिंधुदुर्ग, आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाटेबरोबर पडाव वर यायचा, खाली जायचा. वर आला की पाय टाकायचा, खलाशी दंडाला धरून ओढून घ्यायचा. तगडे बाप्ये तिथे घाबरायचे. आजी नऊवारीचा काष्टा सावरून, तांब्यासकट, एका लाटेत उतरायची. पडावात पुन्हा मधोमध. गाइरांगरलाही मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्याला नेतात, असं माहितीपत्रकात लिहिलंय. त्याला ते टेंडर म्हणतात. पडावच आहे तो, फक्त वर छप्पर घातलेला.

आजीला बोट लागते, अशीच आमची समजूत होती. म्हणून ती डोळे मिटते, म्हणून मधे बसते. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी बाबा एकदा बोलता बोलता म्हणाले, "छे, आईला कधीच बोट लागली नाही. तिच्यासमोर आपण सगळे ओकायचो, ती लिंबं पिळत बसायची."

१९४७ सालच्या जुलैमध्ये आजी गिरगावातच होती. वरच्या मजल्यावर अलिबागकडचे दोन भाऊ राहायचे, एक गिरणीत आणि एक छापखान्यात. १७ तारखेला, गटारीला घरी जायचं म्हणून पहाटे उठून निघाले. धाकट्याने जाताना आजीकडून पिशवी मागून नेली होती. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' रेवसला निघाली. पाऊस, वारा, खच्चून भरलेली बोट. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने ती कलली, आणि घाबरलेली माणसं सगळी एका बाजूला धावली. सहाशेहून जास्त गेली. त्यात हे दोघे.

बाबांनी एवढंच सांगितलं आणि चहा मागितला. आजी पिशवीबद्दल काही बोलायची का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

संध्याकाळी त्या मुलीचा पुन्हा फोन आला. "काका, ठरलं का?"

मी म्हटलं, "मधोमध काय आहे?"

"मधे आता एकच उरलीय, पाचव्या डेकवर. पण ती घेऊ नका काका, खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे. व्ह्यू अर्धा जातो. म्हणून तर स्वस्त आहे."

मी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, स्वस्त ऐकून असेल.

"द्या," मी म्हटलं. कुठल्या बाजूची आहे ते विचारायचं राहिलं.