बे ट्रेल लॅपटॉपचा हँग: सी६ बंद, सी७ चालू (आतापर्यंतच्या नोंदी)

मशीन: सेलेरॉन एन२८४०, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरची बे ट्रेल पिढी, दोन कोर, २.१६ गिगाहर्ट्झ. ४ जीबी रॅम, डेबियन लिनक्स. सी१, सी६, सी७ या काम नसताना कोरने घ्यायच्या झोपेच्या पायऱ्या (सी-स्टेट), आकडा मोठा तितकी झोप खोल. कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

लक्षण
पडदा जागच्या जागी थिजतो, आवाजाचा शेवटचा तुकडा घरघरत राहतो. कॅप्स लॉक दाबला तरी दिवा बदलत नाही, मॅजिक सिसआरक्यूलाही (कर्नलला थेट हुकूम देणारी कळांची जोडणी) दाद नाही. पॉवर बटण दाबून धरणे एवढेच हातात उरते. नंतर 'जर्नलसीटीएल -बी -१' ने मागच्या बूटची नोंदवही पाहिली तर शेवटच्या ओळी नेहमीच्याच. कर्नलला तक्रार लिहायलाही सवड मिळालेली नसते.

रॅम आणि ताण
रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ च्या चार फेऱ्या स्वच्छ. प्रोसेसरवर मुद्दाम ताण देणारे स्ट्रेस-एनजी दोन्ही कोरवर रात्रभर चालवले, तरी हँग नाही. यावरून प्रोसेसर ठीक आहे असे समजणे हीच नेहमीची चूक. पूर्ण ताणाखाली कोर झोपतच नाहीत, मग झोपेतला दोष दिसणार कसा? हा हँग हलक्या, तुटक कामात येतो: व्हिडिओ चालू, ब्राउझर उघडा, कोर सतत झोपतोय आणि उठतोय.

सी-स्टेट
'सीपीपॉवर आयडल-इन्फो' इथे सहा पायऱ्या दाखवते: पोल (न झोपता वाट पाहणे), सी१, सी६एन, सी६एस, सी७, सी७एस (क्रमांक ० ते ५). सी१ मधून उठायला १ मायक्रोसेकंद, सी६एन ला ३००, सी६एस ला ५००, सी७ ला १२००, सी७एस ला १०,०००. इंटेलच्या दोषयादीत व्हीएलपी५२ ही नोंद आहे. इंटरप्टचे (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाकेचे) काम चालू असताना कोर सी६ मध्ये गेला, तर काम संपल्याची पावती जाणे राहू शकते आणि त्याच किंवा खालच्या प्राधान्याचे पुढचे इंटरप्ट अडकतात. वरच्या लक्षणांशी हे चांगलेच जुळते. कर्नलच्या बगझिलात (दोषांच्या तक्रारवहीत) १०९०५१ क्रमांकाची तक्रार डिसेंबर २०१५ पासूनची आहे, वाचायला एक रविवार काढून ठेवा.

पहिला बदल
ग्रब म्हणजे कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर. त्याच्या /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमधल्या ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट ओळीत 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१', मग 'अपडेट-ग्रब', रीबूट. /प्रॉक/सीएमडीलाइन मध्ये तो शब्द दिसतोय का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. इथे १ ऐवजी ० टाकणे ही घातक चूक. शून्याने झोप बंद होत नाही, कोरची झोप सांभाळणारा इंटेल_आयडल ड्रायव्हरच बाजूला होतो आणि एसीपीआय_आयडल हा दुसरा ड्रायव्हर ताबा घेऊन पुन्हा खोल झोपेत जाऊ शकतो.

हँग थांबला. पण बॅटरी लवकर उतरते आणि वीजवापर दाखवणाऱ्या पॉवरटॉपमध्ये कोर सी१ च्या खाली जातच नाहीत. रोगावर उतारा मिळाला, पण पथ्य फार कडक.

दुसरा बदल
ग्रबमधला शब्द काढला. आता फक्त सी६ च्या दोन पायऱ्या बंद:

सुडो सीपीपॉवर आयडल-सेट -डी २
सुडो सीपीपॉवर आयडल-सेट -डी ३

क्रमांक पाठ करू नका, नावे आधी तपासा. एसीपीआय_आयडल चालू असेल तर यादी वेगळी असते आणि भलतीच पायरी बंद होते. झोप थोडी असेल तर कोर सी१ वर थांबतो, चार मिलिसेकंदांहून लांब दिसली तर थेट सी७ मध्ये उतरतो. हे रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून सिस्टमडीच्या वनशॉट सर्व्हिसमध्ये (बूट होताना एकदाच चालणारे काम) याच दोन ओळी टाकल्या. सस्पेंडमधून उठल्यावरही एकदा खात्री करून घ्यावी.

किती वेळ थांबायचे
एक दिवस हँग आला नाही म्हणजे सुटलो, असे नाही. हँगमधले सरासरी अंतर ६ तास धरले, तर दोष तसाच असतानाही १८ तास निभावून जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, २४ तासांची २ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सरासरीच्या चौपट वेळ व्हिडिओ आणि ब्राउझर चालू ठेवायचा, तोही एका वेळी एकच बदल करून. कर्नल आणि सी-स्टेट एकदम बदलले की कशाने गुण आला ते कळत नाही.

सध्या
दुसरा बदल चालू, चौपट वेळ उलटला, हँग नाही. पुढची फेरी फक्त पायरी २ (सी६एन) बंद ठेवून, नंतर फक्त ३ (सी६एस). त्यानंतर नवा कर्नल, काहीही बंद न करता.