पुण्याला का गेला नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: गेलो होतो. भोसरीत चार वर्षं काढली, तिघांत एक खोली आणि एक सेकंडहँड स्प्लेंडर. पण विचारणाऱ्याला हे उत्तर नको असतं. त्याच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. डोकं चालतंय, मशीन बनवताय, मग कोल्हापुरात उद्यमनगरातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये काय करताय? शेड बघायला आलेली इंजिनिअरिंगची पोरं हे विचारतात. कर्जाच्या फाइलवर सही घ्यायला आलेले बँकेचे साहेब विचारतात. पुण्यात फ्लॅट घेतलेला मेहुणा तर दर दिवाळीला विचारतो आणि उत्तर यायच्या आत करंजी उचलतो.

आम्ही उसाचा डोळा काढायचं यंत्र बनवतो. शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. उसाच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, कोंब त्यातून फुटतो. जुन्या पद्धतीत दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या सरीत दाबायच्या, म्हणजे एकराला दोन-अडीच टन बेणं जातं. चांगला गाळपाचा ऊस मातीत पुरायचा. रोपवाटिकेत मात्र डोळा तेवढा, त्याच्यामागच्या चकतीसकट, काढून कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये लावतात आणि महिन्याभरानं रोप शेतात जातं. पाच बाय दोन फुटांवर एकरात ४,३५६ रोपं बसतात. डोळे काढून उरलेला ऊस गुऱ्हाळाला किंवा रसवंतीला चालतो. डोळे काढायचं काम बायका हातयंत्रानं करतात. माझ्या आत्याची रोपवाटिका आहे. तिथं संध्याकाळी बायका मनगटाला हळद लावून बसलेल्या बघितल्या आणि डोक्यात किडा शिरला.

पहिलं यंत्र अँगल वेल्ड करून बनवलं. वर एक अश्वशक्तीची मोटर, खाली अर्धगोल पातं. पेर पात्याखाली धरायचं, पायानं पेडल दाबायचं, डोळा खाली पडला पाहिजे. पडायचा, पण चेचलेला. सांगाडा इतका थरथरायचा की पातं दर वेळी नव्या जागी उतरायचं. आत्या म्हणाली, "यापेक्षा आमच्या बायका बऱ्या की रं." खरं होतं ते.

त्यानंतरचे पाच महिने कसे गेले ते सांगितलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होईल.

शेडच्या मागच्या गल्लीत एक पॅटर्नवाले मिस्त्री आहेत, सत्तरीच्या पुढचे. फाउंड्रीत वाळूचा साचा घ्यायला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो बनवणारे. त्यांनी माझा सांगाडा एकदा हातानं हलवून बघितला. म्हणाले, "वेल्डिंगचा नको. बिडाचा वतून घे." ओतीव बिडात ग्राफाइटच्या बारीक पापड्या पसरलेल्या असतात आणि त्या कंप गिळतात. लेथचा बेड बिडाचा का असतो हे मी डिप्लोमाला पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या यंत्राला ते लागू आहे हे सुचलं मात्र नाही.

मिस्त्रींनी सागवानी पॅटर्न केला. त्यांच्याकडची पट्टी आपल्या पट्टीपेक्षा लांब असते, हे तुम्ही कधी बघितलंय का? बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, मीटरमागं दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर मुळातच किंचित ताणलेला असतो. हिशेब करायचा नाही, त्या पट्टीनं मोजायचं आणि कापायचं.

पॅटर्न खांद्यावर टाकून मी चार शेड पलीकडच्या फाउंड्रीत नेला. पहिलं कास्टिंग आलं ते कोपऱ्यात पोकळ. जिथं जाडी जास्त तिथलं लोखंड सगळ्यात शेवटी गोठतं आणि आकसताना त्याला बाहेरून रस मिळाला नाही तर आत भोक राहतं. फाउंड्रीवाल्यानं पॅटर्न बघताक्षणी सांगितलं होतं, "हितं पोकळ येणार बघा." मी ऐकलं नव्हतं. मग रात्री मुंबई आयआयटीच्या प्रा. बी. रवी यांच्या गटानं इंटरनेटवर मोफत ठेवलेल्या ई-फाउंड्री या वेबसाइटवर त्याच आकाराचं सिम्युलेशन केलं, म्हणजे रस कसा गोठेल ते संगणकावर करून बघितलं. पडद्यावर नेमका तोच कोपरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं ते चित्र त्याला दाखवलं. त्यानं मोबाइल लांब धरून बघितलं आणि विचारलं, "ह्यो लाल रंग किती रुपयाला पडला?"

हसू नका, सॉफ्टवेअर वाया गेलं नाही. पोकळ कुठं येणार हे त्याला ठाऊक होतं. पण तिथं रस पुरवायला रायझर केवढा ठेवायचा, हे तो चार ओतणीत चाचपडत शोधणार होता. ते आम्ही दोन ओतणीत उरकलं. आता तोच गिऱ्हाइकांना सांगतो की आमच्याकडं सिम्युलेशन करून काम होतं.

पात्याचं रामायण वेगळंच. पहिलं पातं ईएन ३१ या पोलादाचं केलं, त्याची धार उडाली. दुसरं एचसीएचसीआर या दुसऱ्या पोलादाचं केलं, ते मधोमध तडकलं. हीट ट्रीटमेंटवाला, म्हणजे पोलाद तापवून कडक करून देणारा, दोन गल्ल्या सोडून आहे. त्यानं तुटलेला तुकडा उन्हात धरला, फुटलेल्या जागेचा दाणा बघितला आणि कुणी हार्डनिंग केलं म्हणून विचारलं. म्हटलं, तुम्हीच. मग आम्ही दोघांनी चहा घेतला आणि त्यानं टेंपरिंगचं (कडक पोलाद परत तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायचं) तापमान वाढवून पातं परत करून दिलं. पैसे घेतले नाहीत. थोडी धार गेली तरी चालेल, पातं तडकता कामा नये, हे त्याला सांगावं लागलं नाही. ऊस म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, त्याची स्वतःची दीड एकर लागण आहे.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून आलेली को ८६०३२ ही उसाची जात आमच्याकडं सगळीकडं आहे, नंतर २६५ ही जातही आली. दोन्हीची कांडी वेगळी, पेराचा फुगवटा वेगळा. एका जातीला बसवलेलं पातं दुसरीचा डोळा खरवडायचं. यावरचा तोडगा, पात्याखालची स्प्रिंगची गादी, आत्याकडं कामाला येणाऱ्या एका बाईनं सुचवला. "ऊस धरणारी जागाच जरा दबली तर?" एवढंच ती म्हणाली. यंत्राला मी जे नाव दिलंय ते मला आवडतं, पण न्यायानं तिचं नाव द्यायला हवं होतं. आता दिवाळीचा बोनस आमच्याकडून तिलाही जातो, आत्याला तो हिशेब अजून पटलेला नाही.

भोसरीत मी ज्या ठिकाणी होतो तिथं काम उत्तम चालायचं, वाईट बोलणार नाही. ड्रॉइंग बाहेर जायचं आणि आठ-दहा दिवसांनी पार्ट यायचा. पार्ट चुकला की मेल, मेलवर मेल, मग सुधारित ड्रॉइंग, परत आठ दिवस. तो पार्ट कुठल्या यंत्रात बसतो हे करणाऱ्याला माहीत नसायचं, आणि बऱ्याचदा आम्हालाही. तिथल्या वेगानं माझ्या पात्याच्या चुका करायला मला तीन वर्षं लागली असती, आणि पैसे त्याच्या खूप आधी संपले असते. कोल्हापुरात मी सकाळी चुकलो की दुपारी सुधारून संध्याकाळी परत चुकू शकत होतो. त्यातलं बरंचसं उधारीवर.

ही सगळी माणसं एकाच जागी आली कशी? कुणी योजना आखून आणली नाहीत, पण आपोआपही आली नाहीत. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली, १९०६ मध्ये कापडगिरणी काढली आणि त्याच दशकात राधानगरीच्या धरणाला हात घातला. धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. नदीचं पाणी होतं, गुळाला बाजार होता, मग ऊस वाढला. काठावरचं पाणी वर शेतात चढवायला ऑइल इंजिनं आली. भर हंगामात इंजिन बंद पडलं तर ऊस वाळतो, कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबायला वेळ कुणाला? गावातले मिस्त्री इंजिन खोलायला लागले. आधी दुरुस्ती, मग मोडलेला भाग ओतून घेणं, मग अख्खं इंजिन. पुढं १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, हळूहळू शेतातल्या पंपांना मोटरी लागल्या आणि इंजिनांचा बाजार आटत गेला. फाउंड्र्या मात्र राहिल्या. त्यांनी ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींचे भाग ओतायला घेतले. शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या एमआयडीसीत आज फिरलात तर ज्या भट्ट्या दिसतात त्यांची आज्जी ते ऑइल इंजिन आहे.

यात कोल्हापूरचं पाणी वेगळं वगैरे काही नाही. आमच्याकडं तसं बोलायची सवय आहे, मीही बोलतो, पण ते तांबड्या रश्श्याबरोबर ठीक. शेजारी सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावात कारखाना हलवायची पाळी आली तेव्हा औंधच्या राजांनी जागा दिली, १०,००० रुपये कर्ज दिलं आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. त्यांच्या लोखंडी नांगरानं जमीन नासेल असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ही गोष्ट मी बँकेच्या साहेबांना आवर्जून सांगतो, कारण माझी पहिली चार यंत्रंही दीड वर्ष शेडमध्ये झाकून पडली होती आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता येत होता.

आता दुसरी बाजू. ही सांगितली नाही तर मेहुणा म्हणेल, बघा, जाहिरात केली.

जवळ राहणारे मदत करतात तसे नक्कलही करतात. माझं यंत्र खपायला लागल्यावर सात महिन्यांत पलीकडच्या गल्लीत तसंच यंत्र आलं, आठ हजारांनी स्वस्त. मी दोन दिवस जेवलो नाही. मग त्याचं यंत्र जाऊन बघितलं, तर त्यानं पेडलऐवजी बसवलेला क्लच माझ्यापेक्षा चांगला होता. मी तो घेतला. आणि खरं सांगायचं तर माझ्या यंत्रातला मूळ एक्सेंट्रिकही (म्हणजे मध्य सोडून बसवलेली चकती, ती फिरली की पातं वर-खाली होतं) मी भंगारात आलेल्या जुन्या ट्रेडल छपाई मशीनवरून उचलला होता. त्यामुळं चोर कोण यावर मी फार जोरात बोलत नाही.

पैशाचं दुखणं मोठं आहे. यंत्रावर घर चालत नाही, बाकीचे महिने जॉबवर्क करतो. कायद्यानं लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. एप्रिल २०२४ पासून तर तेवढ्यात न दिलं तर देणाऱ्याला प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. चांगला नियम आहे. तो आल्यावर आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून फोन आला: उद्यमची (लहान उद्योगाची सरकारी) नोंदणी रद्द करून घ्या, मग ऑर्डर चालू ठेवू. केली नाही. ऑर्डर गेली. पुण्यात असतो तर दुसरं गिऱ्हाईक लगेच मिळालं असतं, इथं पाच महिने लागले. कोल्हापुरात राहण्याचा हा खर्च आहे आणि तो मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या नावानं भरतो.

आणि मोठं सावट विजेच्या गाड्यांचं. त्यांना इंजिन नाही. म्हणजे इंजिनाचा ब्लॉक नाही, हेड नाही, फ्लायव्हील हाउसिंग नाही, आमच्या फाउंड्र्यांतलं बरंचसं वजन याच वस्तूंचं आहे. ब्रेक ड्रम राहतील, सस्पेन्शनचे ब्रॅकेट राहतील. मोटरचं हाउसिंग बहुतेक अॅल्युमिनियमचं असतं, त्याची भट्टी वेगळी, डाय वेगळी, शिकणं वेगळं. काहीजण शिकतायत. काहीजण म्हणतात, आमच्या हयातीत काही होत नाही. ऑइल इंजिनाच्या वेळीही असं म्हणणारे होते, त्यांच्या शेडमध्ये आज मंगल कार्यालयाचं डेकोरेशनचं सामान असतं.

पोरं राहत नाहीत हे तर आहेच. माझ्याकडं शिकलेले तिघे आज चाकणला आहेत, चांगल्या पगारावर. एकाला मीच जा म्हणालो.

मागच्या डिसेंबरात जी पोरं आली होती त्यांतल्या एका मुलीनं हाच प्रश्न विचारला होता, पुण्याला का गेला नाहीत म्हणून. मी नेहमीसारखं काहीतरी उडवून उत्तर दिलं. तीन आठवड्यांनी ती एकटीच परत आली, पिशवीत थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पॅटर्न घेऊन. प्रोजेक्टसाठी मोटरची एंडशील्ड, म्हणजे टोकाचं झाकण, बिडात ओतून हवी होती. पॅटर्न फार सुरेख होता, लाकडात तसा करायला मिस्त्रींना आठवडा लागला असता. मी तिला त्यांच्याकडं नेलं. त्यांनी पॅटर्न हातात घेऊन फिरवला, कडेवरून अंगठा नेला, छान म्हणाले. मग आपली पट्टी काढून व्यास मोजला.

"किती पायजे?"

"तीनशे," ती म्हणाली. "तीनशेच आहे. मी व्हर्निअरनं बघितलंय."

"माझ्या पट्टीवर तीनशे भरत न्हाई."

तिनं पट्टी उलटीसुलटी करून बघितली, पिशवीतून स्वतःची स्टीलची पट्टी काढून तिला लावली, आणि दोन्ही पट्ट्यांचे तीनशेचे आकडे एकमेकांपुढं येत नाहीत हे बघत ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिथंच स्टुलावर बसून तिनं लॅपटॉप उघडला. मिस्त्रींनी पोराला हाक मारून चहा वाढवायला सांगितला.