पेठेतल्या मित्राला काय सांगावे

"या वेळी तुझे नक्की होईल," हे वाक्य मी एका मित्राला किती वेळा ऐकवले, याचा हिशेब आता लागत नाही. राज्यसेवेच्या तयारीसाठी आम्ही दोघे २०१४ मध्ये पुण्यात आलो, सदाशिव पेठेतल्या एका खोलीत कॉट बेसिसवर राहिलो, एकाच मेसमध्ये जेवलो आणि एकाच अभ्यासिकेत शेजारी बसलो. तीन वर्षांनी मी हात टेकले आणि एका पतसंस्थेत लिपिकाची नोकरी धरली. तो मात्र राहिला. दोनदा तो मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला आणि त्यातल्या एकदा चार गुणांनी हुकला. चाळीस गुणांनी हुकला असता तर त्याला काही सांगणे पुष्कळ सोपे झाले असते.

खोटे बोलायला कारणे आयती मिळत गेली. करोनाच्या काळात परीक्षा पुन्हा पुन्हा लांबली. १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा तर अवघे तीन दिवस उरले असताना पुढे ढकलली गेली आणि मुले रस्त्यावर उतरल्यावर २१ मार्चला झाली. त्या निकालात त्याचे नाव नव्हते तेव्हा "अशा वातावरणात कोणाचा अभ्यास होणार?" असे मी म्हणालो. आमच्याच अभ्यासिकेतली दोन मुले त्याच वातावरणात उत्तीर्ण झाली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते आणि दोघांनीही ते उच्चारले नाही. शिवाय आयोग स्वतः कोणालाही थांब म्हणत नाही. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ वर्षांची आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांची असल्यामुळे तिशी ओलांडलेल्या मुलाला नियमाने आणखी बरीच वर्षे शिल्लक दिसतात, आणि थांबायला सांगण्याचे काम मित्रांवर येऊन पडते.

हे काम मी टाळत राहिलो, आणि त्याला दया म्हणत राहिलो. पेठेतल्या खोल्यांमधून अधूनमधून येणाऱ्या वाईट बातम्यांची भीती मनात होती, हे खरे. पण "होईल तुझे" म्हटले की विषय तिथेच मिटतो, चहा संपतो आणि आपण आपल्या घरी जाऊ शकतो, हेही तितकेच खरे होते. "मी तोंडावर बोलतो" असे अभिमानाने सांगणाऱ्यांचेही मला कौतुक नाही, कारण त्यांचा स्पष्टपणा बहुधा निकाल लागल्यानंतरच जागा होतो. अप्रिय सत्य बोलू नये, असे सांगणारे सुभाषित शाळेत पाठ करून घेतले होते. प्रिय असले तरी असत्य बोलू नये, ही त्याचीच पुढची ओळ मात्र मी सोयीने विसरलो होतो. दोन्ही ओळी एकत्र पाळायच्या तर बोलायला फारच थोडे उरते.

अखेर २०२४ च्या दिवाळीनंतर बोललो. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार होती आणि त्यासाठी त्याने नवी पुस्तके घेतली होती. आता सगळेच शून्यापासून सुरुवात करणार, म्हणून आपल्याला खरी संधी आहे, असे तो उत्साहाने सांगत होता. मी म्हणालो, "आता थांब." तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "माझ्यात काही कमी आहे का?" तोंडावर आलेले "नाही" मी गिळले आणि म्हणालो, "या परीक्षेपुरते आहे." त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि तो निघून गेला.

बारा दिवसांनी त्याचा फोन आला. "पटले" किंवा "राग आला" असे काहीच न म्हणता त्याने एवढेच विचारले, "घरी तू सांगशील का?"

परभणीजवळच्या त्याच्या गावी मी गेलो. ओसरीवर बसून त्याच्या वडिलांना सांगितले की, जागा थोड्या निघतात, अर्ज लाखांनी येतात आणि आता परीक्षेची पद्धतही बदलली आहे. यातले एकही वाक्य खोटे नव्हते, पण ज्या कारणासाठी मी त्याला थांब म्हटले होते ते कारण त्यात कुठेच नव्हते. वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "म्हंजी पोराची चूक न्हाई म्हणा की."

"नाही काका, चूक कसली," मी म्हणालो.

नरो वा कुंजरो वा म्हटल्यावर धर्मराजाचा रथ चार अंगुळे खाली आला होता. माझे पाय जमिनीवरच होते, त्यामुळे मला काही जाणवले नाही. मित्र दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला दिले नाही ते समाधान त्याच्या वडिलांना देऊन टाकले, हे त्याच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही.

तो मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला आला. गाडी लागल्यावर त्याने एक जड पिशवी माझ्या हातात दिली. वर्णनात्मकची पुस्तके होती, काहींची पाने अजून उघडलेलीही नव्हती.

"अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीला जातील," तो म्हणाला. "बघ कोणाला लागत असली तर."