‘कट’ म्हटल्यानंतर

२ सप्टेंबर २०२४, सोमवार. पोळा

यंदा तोरणाखाली बैलजोड्या कमीच होत्या. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आला त्यांनी मातीचे बैल पाटावर पुजले आणि पुरणपोळी मात्र पूर्वीइतकीच खाल्ली. पण ज्या जोड्या आल्या त्या नटून आल्या. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरसे टाकलेल्या झुली. ‘एक नमन गौरा पार्वती’ झालं, झडत्या (पोळ्याची गाणी) सुरू झाल्या आणि तेवढ्यात एका झुलीवरच्या आरशातून उन्हाची तिरीप सरळ माझ्या डोळ्यावर आली. माझ्या तोंडून निघून गेलं, “सावलीच्या बाजूनं घ्या.” शेजारी उभ्या पोरानं वळून पाहिलं. काय घ्या, कोणी घ्या?

तरुणपणी पोळ्याच्या प्रत्येक शूटिंगला हे वाक्य कानावर पडायचं. तेव्हाच्या कॅमेऱ्यात आजच्यासारखी चिप नव्हती, काचेच्या ट्यूब होत्या. आरशाची चकाकी ट्यूबवर पडली की चित्रात उजेडाची लांब शेपटी ओढली जायची. कॅमेरामन तिला ‘कॉमेट’ म्हणत. सूर्याकडे कॅमेरा जरा जास्त वेळ राहिला तर तो डाग जायचाच नाही. म्हणून आमचे कॅमेरामन पोळ्याच्या आधी बैलवाल्यांना विनवायचे, निदान पुढच्या जोडीचे तरी आरसे काढा. एका पाटलानं स्वच्छ सांगितलं होतं, “आरसे काढाले सांगता, मंग बैल काहून आनला मी?” शेवटी आम्हीच जागा बदलली.

नागपूरला सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचं केंद्र आहे, तिथं मी होतो. पडद्यावर कधी दिसलो नाही. माझं काम रेकॉर्डर सांभाळायचं. कॅमेरा वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा असायचा, मध्ये जाड केबल. दहा-अकरा किलोचा तो डबा खांद्याला लावून मी कॅमेरामनच्या मागं दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखा फिरायचो. तो बांधावर चढला की मीही चढायचो. तो नाल्यात उतरला की मलाही उतरावं लागे. डब्यात जाणारी कॅसेट वीस मिनिटांची. वीस मिनिटांत माणूस बोलता करायचा.

हे शेवटचं वाक्य लिहिलं खरं, पण सगळी गंमत त्यातच आहे. उद्या लिहीन.

३ सप्टेंबर, मंगळवार. तान्हा पोळा

सकाळी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरली. बोजारा म्हणून सगळ्यांना दहा-दहा रुपये दिले. एका पोट्ट्यानं “फोनपे चालन आबाजी” म्हणून सांगितलं. असो.

माणूस बोलता करणं. आमच्याकडचा माणूस पारावर बसला की थांबत नाही. पण समोर तिकाटण्यावर कॅमेरा लागला की तोच माणूस घरात जाऊन धुतलेली टोपी घालून यायचा, ताठ उभा राहायचा आणि आकाशवाणीवरच्या बातम्यांच्या आवाजात सुरू व्हायचा, “शेतकरी बंधूंनी सुधारित बियाण्यांचा अवलंब करावा.” तो त्याचा अवलंब होता का? दोन मिनिटांपूर्वी तोच सांगत होता, बी उधारीत आणलं आणि अर्धं उगवलं नाही म्हणून.

यावर आमच्या कॅमेरामननं तोडगा काढला होता. रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्याच्या तोंडाशी लाल दिवा लागतो. त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. प्रोड्यूसर बाई मुलाखत संपली म्हणून मोठ्यानं ‘कट’ म्हणायच्या, वही मिटायच्या आणि चहाचं विचारायच्या. मी खाली मान घालून डब्याशी खुडबुड करतो आहे असं दाखवायचो. डबा चालूच असायचा. मग शेतकरी टोपी मागं सरकवायचा, हुश्श करायचा आणि म्हणायचा, “आता खरं सांगू का, बाई?” प्रसारणात जे तीन-चार मिनिटं जायचं ते बहुतेक वेळा इथून पुढचं.

हे चोरणंच झालं, असं कोणी म्हणेल. बाईंनाही ते टोचायचं, म्हणून त्यांनी नियम केला होता. असं घेतलेलं त्या माणसाला तिथंच दाखवायचं, त्यानं नको म्हटलं तर वापरायचं नाही. टेप मागं घ्यायची, चालवायची आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यापाशी, जिथून कॅमेरामन पाहतो, तिथं त्याला एक डोळा लावायला सांगायचं. बोटभर काळं-पांढरं चित्र. एक म्हातारे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बोलते तं बरोबर, पन हा कोन हो म्हातारा?” त्यांच्या घरी हातभर आरसा होता, पण त्यात त्यांनी स्वतःला बोलताना कधी पाहिलं नव्हतं. नको म्हणणारेही होते. सावकाराचं नाव निघालेलं असायचं, नाहीतर भावकीचं. ते पुसलं जायचं.

आज पुतण्याच्या मोबाइलवर गावातल्याच एकाचा व्हिडिओ पाहिला. “नमस्कार शेतकरी मित्रांनो, आज आपण जाणून घेणार आहोत.” कॅमेरा खिशात मावतो, ‘कट’ म्हणणारं कोणी नाही, तरी आवाज तोच, ताठ टोपीचा.

५ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर झड. पऱ्हाटीत (कापसाच्या शेतात) पाय टाकता येत नाही. अशा हवेत आमच्या डब्यावरचा एक दिवा लागायचा, ‘ड्यू’चा, म्हणजे दवाचा. हवेतला दमटपणा आतल्या ड्रमवर, ज्यावरून टेप फिरते त्यावर, धरला की तो लागे. ओल्या ड्रमला टेप चिकटून गुंडाळली जाते, म्हणून दिवा लागला की यंत्र स्वतःच बंद पडायचं. कितीही बटणं दाबा. वाळेपर्यंत बसून राहायचं.

देवळी तालुक्यात एका गावी आम्ही असेच अडकलो. विषय होता दुबार पेरणी. पहिल्या सरीवर सरकी लावली, पावसानं दडी मारली, बी मातीत करपलं, आता पुन्हा लावायची. ज्यांना बोलायचं होतं ते काकाजी टोपी घालून तयार होते आणि दिवा लागला. त्यांच्या घरच्यांनी डबा स्वयंपाकघरात आणायला सांगितलं, चुलीपासून दोन हात लांब, वर कोरडं फडकं. आम्ही तिथंच गोणपाटावर बसलो. काकाजींच्या घरच्या मावशी चुलीपुढं. बाहेर पाऊस, आत धूर, कपात बिनदुधाचा चहा.

बाईंनी सहज विचारलं, यंदा पेरणीची घाई झाली का? मावशी चुलीत फुंकणी घालतच बोलू लागल्या.

“पह्यलं पानी आलं का याइले घाई. बाजूच्यानं लावली म्हून आपुन बी लावाची. म्या म्हटलं, माती मुठीत दाबून पाहा. सोडली का फुटली तं थांबा अजून. आयकते कोन? सरकी टोबतो आमी, निंदतो आमी, येचतो आमी. दाना वर येते का खाली सडते ते बोटाले समजते. अन् टीव्हीत हे!”

‘हे’ म्हणताना फुंकणी दाराकडं गेली. दारात काकाजी उभे होते. तेही हसले.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला आजही दर जूनमध्ये येतो. आमच्या स्क्रिप्टमध्येही तसलंच काही टाइप केलेलं होतं. पण पर्जन्यमापक तालुक्याला, शेत इथं. मावशींचं माप मुठीत होतं. बाई ताडकन उठल्या. दिवा विझला का? मी फडकं उचललं. नाही. आणखी अर्धा तास गेला. तेवढ्यात मावशींनी बांधावरच्या तुरीचं, बोंडातल्या शेंदरी अळीचं (आता तिला गुलाबी म्हणतात), कापूस वेचताना बोटांच्या पेरांना पडणाऱ्या चिरांचं, पोराच्या शाळेचं, सगळं सांगून टाकलं. मी त्या दिव्याकडं इतक्या आशेनं पाहत होतो, की देवाकडंही कधी पाहिलं नसेल.

दिवा विझला. बाई म्हणाल्या, मावशी, आत्ता बोललात तेच पुन्हा बोला. मावशींनी पदर डोक्यावर घेतला, तोंड भिंतीकडं वळवलं आणि म्हणाल्या, “हे सांगतीन ना.”

काळी चिकटपट्टी काही कामाची नव्हती, कारण आता त्यांना कळलं होतं. बाईंनी खूप विनवलं, कॅमेरा बाहेर ठेवतो, नुसता आवाज घेतो म्हटलं. नाही म्हणजे नाहीच. शेवटी काकाजी बोलले. चांगलं बोलले, अगदी मुठीतल्या मातीसकट. बायकोचं म्हणणं म्हणून नाही, स्वतःचंच म्हणून सांगितलं. मावशी आतून खोकल्या. टेपवर तो खोकला आहे.

त्या कार्यक्रमावर नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली. पंधरा पैशांची कार्डं, काही पाकिटं. पाकिटं मी जपून फोडायचो, कारण लोक आत रोगट पान घालायचे, कधी वाळलेलं बोंड, आणि एकदा तर त्यात जिवंत अळी निघाली. ‘ही कोणती, औषध काय’ एवढीच चिठ्ठी. ते सगळं एका डब्यात भरून अकोल्याला कृषी विद्यापीठात जाणाऱ्या माणसाच्या हाती दिलं जायचं. या वेळच्या पत्रांत मुठीबद्दल विचारणा होती. काळ्या मातीला चालतं का, बरडीला, मुरमाड जमिनीला, चालतं का. उत्तर द्यायला तज्ज्ञ बसवले. त्यांनी आलेख काढून समजावलं. मला वाटतं, उत्तर द्यायला दुसरंच कोणी बसायला हवं होतं.

१५ सप्टेंबर, रविवार

आज दूरदर्शनचा वाढदिवस. १९५९ साली याच तारखेला दिल्लीत सुरू झालं. मुंबईला १९७२च्या २ ऑक्टोबरला आलं. आमच्या गावांकडं यायला मात्र उपग्रह लागला. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२मध्ये वर गेला आणि सप्टेंबरात निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ला चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला, तो टिकला. ज्या सहा राज्यांतल्या खेड्यांसाठी इन्सॅटवरून खास कार्यक्रम ठरले त्यात महाराष्ट्र होता. ग्रामपंचायतीपुढं कोंबड्यांच्या खुराड्याची असते तसल्या जाळीची मोठी तबकडी आणि कुलूपबंद पेटीत टीव्ही. किल्ली सरपंचाकडं किंवा गुरुजींकडं. त्यांची मर्जी नसली तर उपग्रह वर फिरतोय तो फिरतोय.

नंतर तालुक्याच्या गावाबाहेर शंभर वॅटचं सहक्षेपण केंद्र आलं, म्हणजे वरून आलेलं चित्र आसपासच्या अँटेनांना पुरवणारं. एक खोली, एक मनोरा, एक माणूस. तिथंही मी दोनदा जाऊन बसलो आहे, नुसता गप्पा मारायला. या असल्या जुन्या केंद्रांची शेवटची तुकडी ३१ मार्च २०२२ला बंद झाली. देशभरात मोक्याच्या जागी पन्नासेक ठेवली तेवढीच. मला त्याचं दुःख झालं नाही. फ्री डिशवर चित्र लख्ख येतं, छपरावर चढून अँटेना फिरवणाऱ्या पोरांचे पाय वाचले.

मला आठवतो तो स्टुडिओ. मोझरीकडचं एक भजनी मंडळ खंजिरीभजनं रेकॉर्ड करायला आलं होतं. एसीच्या गारव्यात माणसं कुडकुडली आणि खंजिऱ्यांचं कातडं सैल पडलं. थाप मारली की भद्द. गावाकडं जाळ करून शेकतात, इथं कसला जाळ? लायटिंगवाल्या भाऊंनी हजार वॅटचा एक दिवा खाली उतरवला आणि सगळे त्याच्याभोवती खंजिऱ्या धरून बसले. एकानं बोटानं टिचकी मारून पाहिलं, मान डोलावली. वरून काचेमागून साउंडवाले ओरडले, “अहो, हाच आवाज हवा, सुरू करा लवकर!” तुकडोजी महाराजांचं भजन त्या दिवशी असं खणखणीत उठलं की मीटरचा काटा लाल रेघेवरून खाली यायलाच तयार नव्हता. कोणी ‘कट’ म्हटलंच नाही.

संध्याकाळी पुतण्या आला. त्यालाही आता चॅनल काढायचं आहे, शेतीचं. मी त्याला चुलीपुढच्या मावशींचं सांगितलं. म्हटलं, तज्ज्ञ नको, नमस्कार मित्रांनो नको, आपल्या वावरात निंदायला येतात त्यांच्यातल्या कोणाला तरी विचार. आणि लपवून घेऊ नकोस, आधी सांग. तो तसाच मागच्या आळीत गेला, मीही गेलो.

तिथल्या वहिनी लाजल्या वगैरे काही नाहीत. त्यांनी विचारलं, “किती वेळ लागन?”

“एक तास. फार तं दीड.”

“मंग अर्धा रोज. दीडशे.”

पुतण्या म्हणाला, “वहिनी, टीव्हीवाले बी पैसे देत नव्हते. इचारा काकाजीले.”

मी म्हटलं, “देत होते. स्टुडिओत येणाऱ्याची करारावर सही घेऊन चेक पाठवत होते.”

पुतण्यानं माझ्याकडं असं पाहिलं की बोलून सोय नाही. दीडशेवर ठरलं. चहा वेगळा, आणि पाऊस आला तर दुसऱ्या दिवशीचे पुन्हा दीडशे.